‘त्सो’ म्हणजे म्हणे: मारिया साबिना, टेप रेकॉर्डर आणि ५ मिलिग्रॅमची गोळी

१९६२ साल, पाऊस सरत आलेला. मेक्सिकोच्या वाहाका राज्यात उंच डोंगरात वाउत्ला दे हिमेनेझ म्हणून मासातेक लोकांचं गाव आहे, तिथल्या एका घरात रात्री काही माणसं जमली होती. घरची मंडळी, न्यूयॉर्कचा एक बँकर, स्वित्झर्लंडचा एक केमिस्ट, त्याची बायको, आणि मध्ये बसलेली मारिया साबिना. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगाने बारीक, अक्षरओळख नाही, पण पंचक्रोशीत जिला सगळे जाणती मानतात अशी बाई. एरवी अशा रात्री तिच्यापुढे मश्रूम असायचे, जोडीजोडीने मोजून वाटलेले. पण हंगाम संपला होता, आणि केमिस्ट, म्हणजे आल्बर्ट हॉफमन, सोबत गोळ्या घेऊन आला होता. एका गोळीत ५ मिलिग्रॅम सायलोसायबिन. ह्याच गावच्या मश्रूममधून काढलेलं द्रव्य, फक्त आता बाझलच्या सँडोझ कंपनीच्या लॅबमध्ये तयार झालेलं.

गोळ्या वाटल्या, सगळ्यांनी घेतल्या, वाट बघत बसले. अर्धा तास गेला, काहीच नाही. घरच्या लोकांत कुजबुज सुरू झाली की ह्या गोळ्यांत काही दम नाही. मग हॉफमनने अजून वाटल्या, काही जणांचा डोस ३० मिलिग्रॅमपर्यंत गेला. उशीर का झाला ह्याचं त्याने नंतर दिलेलं कारण अगदी साधं आहे. मश्रूम हळूहळू चावून खातात म्हणून थोडा अंश तोंडातच शोषला जातो, गोळी आधी पोटात जाऊन विरघळायला लागते. थोड्या वेळाने असर चढला आणि मारिया साबिना गायला लागली. पहाटेपर्यंत गात राहिली. सकाळी दुभाष्यामार्फत तिने सांगितलं की गोळीत मश्रूमचीच ताकद आहे, काही फरक नाही.

शमन (म्हणजे आपल्याकडच्या भगतासारखा माणूस), टेक्नॉलॉजी आणि बदललेलं भान ह्या विषयावर काहीही वाचलं की मी फिरून ह्याच रात्रीवर येऊन थांबतो. एरवी ह्या विषयावर सगळं हवेत बोललं जातं. इथे मात्र सगळं समोर आहे, जाणती बाई आहे, गोळी आहे, टेप आहे, फोटो आहेत, आणि नंतर काय झालं ह्याची नोंदही आहे. म्हणून हे एकच प्रकरण नीट मांडतो.

बाई कोण होती

मारिया साबिनाचा जन्म १८९४ चा. वडील लहानपणीच गेले, घरात दोन वेळच्या खाण्याची मारामार. ती आणि तिची धाकटी बहीण डोंगरावर बकऱ्या चारायला जायच्या, भूक लागली की तिथे उगवलेले मश्रूम खायच्या. ते काय आहेत हे तिला माहीत होतं, कारण घरातल्या एका आजारी माणसासाठी आलेल्या जाणत्याने रात्रभर ते खाऊन गाणं म्हटलेलं तिने बघितलं होतं. मासातेक भाषेत अशा माणसाला ‘चोता चिने’ म्हणतात, म्हणजे ज्याला कळतं तो. आपल्याकडे ‘जाणता’ हा शब्द आहे ना, बरोब्बर तोच. शमन हा शब्द सैबेरियाकडचा, पुस्तकांतून जगभर चिकटवलेला. इथे ‘जाणती’ जास्त नेमका बसतो म्हणून मी तोच वापरतोय.

दोनदा लग्न, दोन्ही नवरे वारले. संसार चालू असताना तिने मश्रूमला हात लावला नाही, कारण त्याआधी आणि नंतर काही दिवस अंगसंग टाळायचा असा नेम होता. मग बहीण फार आजारी पडली. मारिया साबिनाने तिच्यासाठी पूर्वी कधीच खाल्ले नव्हते एवढे मश्रूम खाल्ले, आणि त्या रात्री तिला दिसलं की टेबलामागे काही थोर लोक बसलेत, टेबलावर कागदपत्रं आहेत, एक ग्रंथ आहे, आणि तो ग्रंथ वाढत वाढत माणसाएवढा झाला. तो तिला दिला गेला. आयुष्यात एक अक्षर न वाचलेली बाई, तिला दिसलेलं सगळ्यात मोठं दृश्य म्हणजे पुस्तक! आणि पुढे ती जे गायची ते सगळं त्या पुस्तकातून वाचून गातेय असं ती सांगायची.

जुनं शुद्ध होतं आणि मग यंत्र आलं आणि बिघडवलं अशी गोष्ट आपण पटकन रचतो. पण यंत्र बाहेरून यायच्या आधीच तिच्या गाण्यात होतं. तिच्या गाण्याच्या ओळी ‘मी अमुक बाई आहे’ अशा चालतात, त्यात गरुड बाई आहे, वकील बाई आहे, आणि घड्याळ बाईसुद्धा आहे. कागद, कोर्ट, घड्याळ, ज्या ज्या गोष्टींची गावावर सत्ता चालायची त्या तिने उचलून स्वतःच्या बोलण्यात घेतल्या होत्या. यंत्राला घाबरणारी ती बाई नव्हतीच.

आता ‘त्सो’. तिच्या गाण्याच्या ओळींच्या शेवटी हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, अर्थ ‘म्हणतो’ किंवा ‘म्हणतंय’. मी स्वच्छ बाई आहे, त्सो. मी बघणारी बाई आहे, त्सो. म्हणजे हे मी बोलत नाहीये, मश्रूम बोलतोय, मी फक्त पोचवतेय. इंग्रजीत ह्याचं ‘सेज’ करतात आणि त्यात काही उरत नाही. मराठीत मात्र हे सहज कळतं, कारण आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘तो आला म्हणे’ ह्यातला म्हणे. सांगणारा मी असलो तरी बोल माझे नाहीत एवढं त्या एका शब्दात येतं. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं तेव्हा तिथे सही असते, बोलणाऱ्याचं नाव पुढे येतं. इथे उलटं, बोलणारी स्वतःचं नाव मागे घेते. बदललेलं भान म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर ह्या व्याकरणापासून सुरुवात करीन. मेंदूत काय चाललंय हे नंतर बघू, आधी वाक्याचा कर्ता बदललाय हे बघा.

बँकर आला

रॉबर्ट गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेत व्हाइस प्रेसिडेंट. बायको व्हॅलेंटिना रशियन, लहान मुलांची डॉक्टर. १९२७ मध्ये नवीन लग्न झालेलं असताना फिरायला गेले, तिला रानात मश्रूम दिसले, तिने हरखून ओटीभर वेचले आणि हा घाबरला की ही आता हे खाणार. एका समाजाला मश्रूम जीव की प्राण आणि दुसऱ्याला किळस, असं का, ह्या एका प्रश्नावर दोघांनी पुढची तीसेक वर्षं घालवली, आणि तो शोध त्यांना १९५३ मध्ये वाउत्लाला घेऊन आला. तिथे त्यांच्या आधीपासून मासातेक भाषेवर काम करणाऱ्या युनिस पाइक ह्या मिशनरी बाई होत्या, त्यांच्या पत्रातून वॉसनला बरंच कळलं होतं.

१९५५ च्या जूनमध्ये तो पुन्हा आला, सोबत फोटोग्राफर अ‍ॅलन रिचर्डसन. गावच्या कचेरीत कायेतानो गार्सिया नावाचा अधिकारी बसला होता. वॉसनने त्याला मश्रूमचं मासातेक नाव उच्चारून विचारलं. ती भाषा सुरांची आहे, सूर चुकला की शब्द बदलतो, तर ह्याने कष्टाने तो उच्चार नीट काढला आणि विचारलं की ह्याचं गुपित शिकायला मदत कराल का. तो म्हणाला, त्यात काय, सोपं आहे. आणि त्याने मारिया साबिनाकडे शब्द टाकला.

२९ जूनची रात्र. कायेतानोच्या घरात खालच्या खोलीत टेबल, त्यावर बाळ येशूचं आणि जॉर्डन नदीतल्या बाप्तिस्म्याचं चित्र. साडेदहाच्या सुमारास मारिया साबिनाने मश्रूम साफ केले, जमिनीवर जळणाऱ्या धुपावरून प्रार्थना म्हणत फिरवले. वॉसन आणि रिचर्डसनला सहा सहा जोड्या, स्वतःला तेरा. रिचर्डसनने बायकोला शब्द दिला होता की असलं काही तोंडात घालणार नाही, पण नाही म्हणायची ती वेळ नव्हती. मेणबत्ती विझली आणि पहाटेपर्यंत दोघांनी जे बघितलं ते, नक्ष्या, महाल, रथ ओढणारं पुराणातलं जनावर, हे वॉसनने पुढे जगाला सांगितलं.

मारिया साबिनाने म्हातारपणी आपल्या आयुष्याची हकिगत मासातेकमध्ये सांगितली, गावातल्याच एका लेखकाने ती टिपून १९७७ मध्ये छापली. त्यात ती जे म्हणते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिचं म्हणणं असं की वॉसनच्या आधी नुसता देव शोधायला कुणी ‘बाळं’ घेत नव्हतं. मश्रूमना ती लाडाने ‘देवाची बाळं’ म्हणायची. ती नेहमी आजारी माणूस बरं व्हावं म्हणून घेतली जायची. ही पाहुणे मंडळी आजारी नव्हती, देव शोधायला आली होती. आणि ती त्यांना शिव्या देत नाही हेही लक्षात घ्या. अधिकाऱ्याने सांगितलं म्हणून मी बसले असं ती सांगते आणि लगेच हेही सांगते की कुणाच्या ओळखीशिवाय आले असते तरी मी त्यांना दाखवलं असतं, कारण त्यात वाईट काही नाही.

म्हणजे बदल नेमका कुठे झाला ते तिने स्वतःच दाखवून दिलंय. मश्रूम तोच, गाणारी तीच, रात्रीचा अंधार तोच. फक्त आजारी माणसाची जागा रिकामी होती.

टेप

१९५६ मध्ये वॉसन टेप रेकॉर्डर घेऊन आला आणि त्याच वर्षीच्या एका बैठकीचं रेकॉर्डिंग १९५७ मध्ये फोकवेज कंपनीने तबकडी म्हणून काढलं. १३ मे १९५७ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा मोठा सचित्र लेख आला. लेखात त्याने बाईचं नाव बदललं होतं, एवा मेंडेझ केलं होतं, जमातीचं नावही बदललं होतं. म्हणजे लपवायला हवं हे त्याला कळत होतं. पण त्याच वर्षीच्या तबकडीच्या नावातच ‘मासातेक’ शब्द मोठ्या अक्षरात आहे. एका हाताने झाकायचं आणि दुसऱ्या हाताने पत्ता द्यायचा! मला नाही वाटत त्याने हे मुद्दाम केलं. अभ्यासकाला आपल्या पुराव्यावर ठिकाण नोंदवायची सवयच असते, आणि रेकॉर्डिंगला ठिकाण नसेल तर त्याला पुरावा कोण म्हणणार. पण ती सवय गावाला महागात पडली.

टेपबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. टेप नसती तर आज मला ‘त्सो’ माहीत नसता. त्यातही १९५८ च्या जुलैमधल्या एका रात्रीची टेप आहे, ती पूर्ण बैठकीची, आणि ती बैठक पाहुण्यांसाठी मांडलेली नव्हती, खऱ्याखुऱ्या आजारी पोराची होती. सतरा वर्षांचा मुलगा. रात्रभर मारिया साबिना विचारत राहिली की हा जगेल का, आणि तिला मिळालेलं उत्तर वाईट होतं. तिने ते लपवलं नाही. मुलगा तिथेच ढासळला. पुढे थोड्याच दिवसांत तो गेला. हे सगळं त्या टेपवर आहे, ओळीन् ओळ मासातेक, स्पॅनिश आणि इंग्रजीत उतरवून, गाण्याच्या नोटेशनसकट १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. एका माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर रात्र, आणि ती कुणीही लावून ऐकू शकतो. मला ह्यावर सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. भाषेचा असा ठेवा दुसरा नाही हे खरं, आणि त्या मुलाला कुणी विचारलं असेल का हा प्रश्नही तेवढाच खरा.

इथे माझी एक गोष्ट सांगतो. आमच्या मावशीआजीच्या अंगात यायचं, नवरात्रात. एका वर्षी मी नवीन फोन घेऊन गेलो होतो, संबळ वाजायला लागला तसा रेकॉर्डिंग चालू करून तिच्या जवळ धरून बसलो, दीडेक तास. दुसऱ्या दिवशी इअरफोन लावून ऐकलं तर संबळ होता, कुणाचा तरी खोकला होता, मागे कुत्रं भुंकत होतं, आजीचा आवाज होता पण तो आवाज नुसता आवाज होता. रात्री त्याच आवाजाने अंगावर काटा आला होता. मी तिला ऐकवलं तर तिने थोडं ऐकून फोन परत दिला आणि म्हणाली, “तू काय इचारलं न्हाईस व्हय रे रातच्याला?” नव्हतं विचारलं. बाकीचे सगळे काही ना काही विचारायला आले होते, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं दुखणं, कुणाची विहीर. मी एकटाच काही न विचारता बसलो होतो, कारण माझे दोन्ही हात फोनमध्ये होते.

वॉसनने लिहिलंय की मारिया साबिना अंधारात टाळ्या वाजवायची, अंगावर हाताने थापा मारायची, आणि आवाज कधी डावीकडून, कधी मागून, कधी डोक्यावरून आल्यासारखा वाटायचा, ती नेमकी कुठे आहे ते कळायचं नाही. तेव्हाच्या टेपवर हे यायचंच नाही. आता चारी बाजूंनी आवाज पकडणारे माइक आलेत, तेवढं एक जमेल. पण ती त्या रात्री कुणासाठी गातेय हे कुठला माइक पकडणार.

लॅब

१९५६ मध्ये वॉसनसोबत रॉजर हाइम आला होता, पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा प्रमुख आणि बुरशीशास्त्रातला मोठा माणूस. त्याने वाउत्लाचे मश्रूम पॅरिसच्या लॅबमध्ये वाढवून दाखवले आणि द्रव्य शोधायला हॉफमनकडे पाठवले. एलएसडी हे भान बदलणारं दुसरं द्रव्य ज्याने शोधलं तोच हा हॉफमन.

आता ह्या भागात एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. हॉफमनच्या टीमने अर्क काढून प्राण्यांवर तपासला, कुत्र्यांवर वगैरे. स्पष्ट काही कळेना. मग शंका आली की पॅरिसमध्ये वाढवलेल्या मश्रूममध्ये ती ताकदच नसेल. शेवटी हॉफमनने स्वतः ३२ वाळलेले मश्रूम खाल्ले, वजन २.४ ग्रॅम. अर्ध्या तासात त्याला लॅबमध्ये सगळीकडे मेक्सिकोच्या नक्ष्या दिसायला लागल्या आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला बसलेला डॉक्टर वाकून ब्लड प्रेशर बघायला लागला तर तो अ‍ॅझ्टेक, म्हणजे मेक्सिकोच्या जुन्या साम्राज्यातला, पुजारी दिसायला लागला. मश्रूम ठीक होते. मग अर्काचे वेगवेगळे भाग करून त्याने आणि सहकाऱ्यांनी स्वतःवरच तपासले, ज्या भागाने भान बदलतं तो पुढे घ्यायचा, बाकीचे सोडायचे. असं करत १९५८ मध्ये सायलोसायबिन आणि सायलोसिन हाती लागले. म्हणजे जगातल्या एका उत्तम लॅबमध्ये सगळी उपकरणं असताना हे द्रव्य ओळखणारं यंत्र एकच होतं, बदलू शकणारं माणसाचं भान. तेच यंत्र वाउत्लामध्ये पिढ्यान् पिढ्या वापरात होतं.

पुढचं विज्ञान आज बरंच पक्कं झालंय. सायलोसायबिन शरीरात गेल्यावर त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूत सेरोटोनिन ह्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या एका ठराविक प्रकारच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन चिकटायच्या जागेवर, जाऊन बसतं. तो रिसेप्टर आधीच दुसऱ्या औषधाने अडवला तर असर जवळजवळ होतच नाही, हे १९९८ मध्ये झ्युरिकला दाखवलं गेलं. २०१२ मध्ये छापलेल्या अभ्यासात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी माणसांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवून शिरेतून सायलोसायबिन दिलं, तेव्हा मेंदूतल्या काही मध्यवर्ती जोडजागांची, ज्या आपण स्वतःबद्दल विचार करत असताना कामात असतात त्यांची, हालचाल कमी झालेली दिसली. ‘मी’चा आवाज खाली येतो असं म्हणायचा मोह होतो. त्सो आठवतो ना? पण मी तेवढ्यावर उडी मारणार नाही, मशीनमधल्या रक्तप्रवाहाच्या फोटोतून मासातेक व्याकरण सिद्ध होत नाही. दोन्ही एका रेषेत दिसतात एवढंच.

गावाचं काय झालं

हे मी लांबवणार नाही, कारण लिहितानाच त्रास होतो. ‘लाइफ’मधला लेख लाखो घरांत गेला. त्याआधीच, १९५६ च्या वॉसनच्या टीममध्ये जेम्स मूर नावाचा एक केमिस्ट घुसला होता, तो सीआयए ह्या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेच्या मन ताब्यात ठेवण्याच्या गुप्त प्रकल्पासाठी काम करत होता आणि पैसे एका फाउंडेशनच्या नावाने आले होते. त्याला गाव सोसलं नाही, आजारी पडला, आणि द्रव्य काढायच्या शर्यतीत हॉफमनच्या मागे राहिला. १९६० मध्ये हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी मेक्सिकोतच दुसऱ्या एका ठिकाणी मश्रूम खाऊन परतला आणि सँडोझच्या गोळ्यांवर प्रयोग सुरू झाले. साठच्या दशकात वाउत्लामध्ये हिप्पींची रांग लागली. गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्याने पुढे जे बघितलं तेच, फक्त तिथे समुद्र नव्हता, एक चिंचोळा रस्ता आणि मक्यावर जगणारी गरीब घरं होती. पाहुणे वाट्टेल तेव्हा, वाट्टेल तिथे, दिवसासुद्धा मश्रूम खायचे. १९६९ मध्ये मेक्सिकोच्या लष्कराने बाहेरच्यांना हाकललं आणि पुढची काही वर्षं रस्त्यावर पहारा बसवला. मारिया साबिनाच्या घरावर पोलीस आले, ती नशा विकते असा आरोप झाला. तिचं घर जाळलं गेलं. परक्यांना गुपित दिलं म्हणून गावातल्याच कुणी तरी जाळलं असं बोललं जातं, तिला स्वतःला कारण कधी कळलं नाही.

ती सांगायची की परके आल्यापासून बाळांची शुद्धता गेली, ताकद गेली, आता त्यावर उपाय नाही. दुसऱ्या एका जाणत्याने तर असं सांगितलं की मश्रूम आता इंग्रजी बोलतो, आमची भाषा बोलत नाही. वॉसनलाही हे लागलं होतं, आपण काय करून बसलो ह्याची खंत त्याने नंतर लिहून ठेवलीय. २२ नोव्हेंबर १९८५ ला मारिया साबिना गेली, गरिबीतच.

मग गडबड नक्की कुठे

एक गट म्हणतो मुख्य गोष्ट द्रव्य आहे, बाकी सगळं सजावट. गोळीने तेच झालं ना, बाईनेच सांगितलं ना. दुसरा गट म्हणतो परंपरा पवित्र आहे, यंत्राने बाटवली. मला दोन्ही पटत नाही, आणि तिचंच बोलणं समोर ठेवलं तर दोन्ही टिकत नाही. तिने गोळीला नकार दिला नाही, पास केलं. टेपसमोर ती गायली. पुस्तक आणि घड्याळ तिने आधीच आत घेतलं होतं. तिची तक्रार यंत्राबद्दल नव्हतीच. तिची तक्रार ही होती की लोक काही दुखत नसताना, काही विचारायचं नसताना येतात.

आता आजचं बघा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा सायलोसायबिनवर जो अभ्यास आला, ३६ लोकांचा, तिथून हे संशोधन पुन्हा जोरात सुरू झालं. खोलीत सोफा, डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन, त्यात आधीच ठरवलेलं संगीत, आणि शेजारी दोन माणसं रात्रभर नाही पण दिवसभर बसलेली. डोस साधारण ३० मिलिग्रॅमच्या आसपास, १९६२ ला वाउत्लामध्ये शेवटी पोचला होता तिथेच. अंधाराच्या जागी पट्टी, गाण्याच्या जागी प्लेलिस्ट. त्यातल्या दोन तृतीयांश लोकांनी हा अनुभव आयुष्यातल्या पाच सगळ्यात अर्थपूर्ण अनुभवांत धरला. ते लोक निरोगी होते, हा पण वॉसनचाच धागा. मग पुढच्या अभ्यासांत कॅन्सरने मरणाच्या भीतीत असलेले पेशंट आले, औषधांना दाद न देणारं डिप्रेशन असलेले आले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा डिप्रेशनसाठी ह्या उपचाराला खास दर्जा दिला. म्हणजे लॅब फिरून फिरून तिथेच आली जिथे मारिया साबिना बसली होती, आजारी माणसाच्या शेजारी. ह्यात मला आनंद आहे, खरंच आहे. दुखरी जागा एवढीच की ज्या गावाने हे दिलं ते ह्या सगळ्यात कुठे नाही, आणि प्लेलिस्ट गाणारा कुणी पेशंटकडे बघत नसतो. त्या सतरा वर्षांच्या मुलाने श्वास रोखला की मारिया साबिनाचं गाणं बदलत असणार. हेडफोनला ते कळत नाही.

कुणी म्हणेल तू भगतगिरीची वकिली करतोयस. नाही. त्या सतरा वर्षांच्या पोराला डॉक्टर हवा होता आणि त्या डोंगरात तो मिळाला नाही, हे मी अजिबात गोड करून सांगणार नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं हा आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. सायलोसायबिनसुद्धा भारतात एनडीपीएस ह्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे, आणि घरात सायकोसिस किंवा बायपोलर अशा गंभीर मानसिक आजारांचा इतिहास असलेल्यांना संशोधनातही घेत नाहीत, एवढं ते गंभीर आहे. मी बोलतोय ते आजार बरा होण्याबद्दल नाही, आजारी माणूस मध्ये असण्याबद्दल.

आणि त्या १९६२ च्या सकाळचं एक राहिलंच. निघताना हॉफमनने मारिया साबिनाला गोळ्यांची एक बाटली भेट दिली. तिने ती आनंदाने घेतली, आणि दुभाष्याला सांगितलं की बरं झालं, आता मश्रूम उगवत नाहीत त्या महिन्यांतसुद्धा कुणी आलं तर मला बसता येईल.